पणजीत एकटीसाठी खोली: समुद्राजवळ की बसस्थानकाजवळ?

प्रति: मंडळाची यादी
प्रेषक: टोरोंटोची सभासद

नमस्कार मंडळी,

जानेवारीत बारा दिवस गोव्याला जाते आहे, आणि पहिल्यांदाच एकटी. आईला जाऊन वर्ष होईल. तिचं माहेर पेडण्याकडचं. घर आता आमचं राहिलेलं नाही, मामेभावंडं मुंबईला. तरी एकदा ते गाव डोळ्यांनी पाहून यावं आणि बाकीचे दिवस समुद्राजवळ शांतपणे काढावेत, एवढंच मनात आहे.

अडचण खोलीची आहे. मी स्कूटर चालवत नाही, भाड्याची गाडी घ्यायची नाही. चालायला मात्र हरकत नाही, तासभर सहज चालते. खोलीवर दिवसाला अडीच हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते. इंटरनेटवर बघावं तर प्रत्येक खोली ‘किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर’. ती पायी पाच मिनिटं की गाडीने, ते कुणी लिहीत नाही. मुलं म्हणतात, कळंगुटला रिसॉर्ट घे आणि मोकळी हो. मला हवंय ते इतकंच, की सकाळी उठून बाहेर चहा प्यावा, पायी पाण्यापर्यंत जावं आणि अंधार पडल्यावर परतताना छातीत धडधड होऊ नये.

पणजीच्या वहिनी अजून या ईमेल यादीवर आहेत ना? वहिनी, तुम्हीच सांगाल तर बरं.

*

प्रति: मंडळाची यादी
प्रेषक: पणजी, मळा

अगं, आहे तर! गोव्याला परतले तरी यादी सोडलेली नाही. तुझी मेल रात्री वाचली आणि आज सकाळी चपला घालून, घड्याळ बघत रस्ते चालून आले, म्हणजे अंदाजाने लिहायला नको.

आधी कळंगुटचं. किनारा मोठा आहे, खोल्याही पुष्कळ. पण जिच्याजवळ स्वतःचं वाहन नाही तिला तिथे संध्याकाळनंतर अडकल्यासारखं होतं. ओला, उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्सचं टॅक्सीचं अ‍ॅप आहे, पण गाडी कुठेही आणि केव्हाही मिळेलच असं नाही, आणि स्थानिक टॅक्सीचे दर ऐकून जीव दडपतो. रात्री आठनंतर बसगाड्या विरळ होतात. मुख्य रस्ता सोडला की पदपथ नाही, दिवे तुरळक, आणि समोरून भाड्याच्या स्कूटरी सुसाट येतात. दिवसा जी पाच मिनिटं असतात तीच रात्री नकोशी होतात. मुलांना सांग, आईला किनाऱ्यावर खोली नकोय, किनाऱ्यावर जाऊन घरी परतता येईल अशी खोली हवीय.

म्हणून मी म्हणते, पणजीत राहा. पणजी खरी मांडवीच्या काठची. नदी समुद्राला मिळते तिथे मिरामार, शहराच्या मध्यापासून साधारण तीन किलोमीटरवर. सकाळी नदीच्या कडेकडेने कांपालमार्गे चाललीस तर पाऊण तासात पाय वाळूत. वाटेत मोठी झाडं, कला अकादमी, समोर पाणी. येताना दमलीस तर मिरामारहून शहरात यायला बस आहेच. कळंगुट बघायचं असेल तर पंधरा किलोमीटर आहे, बसने जा आणि दिवस मावळायच्या आत परत ये.

हे शहर पायी फिरण्याजोगं आहे त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दलदल आणि वाळूचे ढिगारे होते. दों मानुएल द पुर्तुगाल इ कास्त्रु हे १८२७ ते १८३५ या काळात इथे राज्यकारभार बघत होते, त्यांनी दलदल बुजवून सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. गाडी यायच्या आधी आखलेलं गाव आहे, म्हणून अजून पायांना सोसवतं. वाट चुकलीस तरी दोन चौक पुढे गेलं की नदी नाहीतर चर्च दिसतंच.

आता खोली नेमकी कुठे. माझं मत स्पष्ट आहे: चर्च चौक, आमची मळा वस्ती आणि कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानक या तिघांच्या मधल्या पट्ट्यात. फोंतेन्हास आणि सांतोमे या जुन्या वस्त्या त्यातच येतात. मळ्यातून चर्चपर्यंत मला बारा मिनिटं लागली, पाटोचा पूल ओलांडून बसस्थानकापर्यंत पंधरा. जुन्या घरांमधून चालवलेली छोटी गेस्ट हाऊसं इथे आहेत आणि ती तुझ्या पैशात बसतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर हॉर्न वाजवत पाव आणि पोई घेऊन येतो. संध्याकाळी माणसं दारात, बाल्कांवात म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसलेली असतात, आणि एकट्या बाईसाठी मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्या गल्लीत रात्री नऊला कुणीतरी दारात बसलेलं असतं तिथे आपण एकटे नसतो. फक्त ही राहती घरं आहेत. फोटोसाठी लोकांच्या दारात ठाण मांडणाऱ्यांनी इथली माणसं वैतागली आहेत, तेवढं सांभाळ.

दोष पण सांगते. फोंतेन्हासच्या कडेने खाडी जाते, रुआ दि ओरेमच्या बाजूला. ओहोटीला तिचा वास येतो आणि डास असतात. खाडीकडची खिडकी फोटोत सुंदर दिसते, पण तू आतल्या गल्लीकडची माग, शक्यतो पहिल्या मजल्यावरची. पावसाळ्यात मळ्यात पाणी भरतं, जानेवारीत तो प्रश्न नाही.

१८ जून रस्त्याच्या आसपासही खोल्या आहेत. औषधं, कपडे, खाणं सगळं हाताशी, पण वाहनांचा आवाज. नदीकाठच्या बांदोडकर मार्गावर कॅसिनोंच्या जेट्टी आहेत आणि रात्री उशिरापर्यंत गाड्यांची ये-जा असते. झोप हवी असेल तर तिथे नको.

आल्तिनोबद्दल स्वतःचा अनुभव. परतायच्या आधी घर शोधायला आले होते तेव्हा एका ठिकाणी ‘शहराच्या मध्यापासून पायी दहा मिनिटं’ असं वाचून आठवडाभराचे पैसे आगाऊ भरले. दहा मिनिटं खरीच होती, पण उतरायला. चढायला टेकडी, उभी चढण आणि काही ठिकाणी पायऱ्या. एका हातात बाजाराची पिशवी, वर दुपारचं ऊन. तिसऱ्या दिवशी मी बाजारात जाणंच बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत. आल्तिनो शांत आहे, झाडीचं आहे, आवडणाऱ्याला खूप आवडतं. पण नकाशावरचं अंतर चढ सांगत नाही, हे मी तेव्हा शिकले. म्हणून कुठलीही खोली घेण्याआधी फोन करून विचार: चर्चच्या पायऱ्यांपासून तुमच्याकडे चालत यायला किती वेळ लागतो आणि वाटेत चढण आहे का? किनाऱ्याबद्दल विचारू नकोस, चर्च आणि बसस्थानक विचार. खरा यजमान लगेच ‘अमुक दुकानावरून वळा’ असं सांगतो. जो नुसतं ‘जवळच आहे’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

फोनवर आणखी विचारायचं ते असं. रात्री इमारतीत कोण असतं, बाहेरच्या दाराची किल्ली आपल्याजवळ मिळते का, आणि सांगितलेल्या दरात कर धरलाय का. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय. १९८२च्या कायद्याप्रमाणे गोव्यात हॉटेलच काय, गेस्ट हाऊसलाही पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का तेही बिनधास्त विचार. तुझा पासपोर्ट कॅनडाचा, त्यामुळे यजमानाला तुझ्या येण्याची नोंद चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. जो ‘त्याची काही गरज नाही’ म्हणतो त्याचं बाकीचंही तसंच असतं. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीयांचं) दोन्ही जवळ ठेव.

पहिल्यांदा दोनच रात्रींचे पैसे भर. खोली पटली तर तिथेच दिवस वाढवून घे. नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी ओसरली की दर उतरतात, तेव्हा शक्य असेल तर पहिला आठवडा सोडून ये.

मोपाला उतरणार असशील तर विमानतळ तुझ्या आईच्याच तालुक्यात आहे, बघ. तिथून कदंबची बस पणजीला येते. रेल्वेने आलीस तर करमळी जवळचं. शहरात एकटीला पटकन कुठे जायचं असलं तर पायलट असतात, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलीवाले. मागे बसायचं, पैसे आधी ठरवायचे. मी या वयातही बसते.

दुपारी एकनंतर दुकानं बंद होतात, ती साडेतीन-चारला उघडतात. रविवारी तर बाजारात सामसूम. शनिवारीच फळं आणि पाव आणून ठेव.

उतरलीस की पहिलं जेवण माझ्याकडे. हुमण, म्हणजे माशांची आमटी, खातेस ना?

*

प्रति: मंडळाची यादी
प्रेषक: मिसिसागा

नमस्कार. वहिनींच्या शब्दाबाहेर जायचं धाडस करतोय, पण ताईंनी ‘समुद्राजवळ शांतपणे’ असं लिहिलंय म्हणून राहवलं नाही. मी मागच्या हिवाळ्यात महिनाभर गोव्यात राहून काम केलं. पहिले दहा दिवस पणजीत, मग दक्षिण गोव्यात बाणावलीला. पणजी मला आवडली, पण मिरामार हा रोज पोहायचा किनारा नाही. नदीच्या मुखाजवळ पाणी गढूळ असतं आणि लोक तिथे संध्याकाळी फिरायला येतात. बाणावलीला माझी खोली गावात होती, वाळूपर्यंत पायी बारा मिनिटं, वाटेत शेतं. मडगावहून कोलवा, बाणावलीला बस मिळते. एका माणसाचा खर्चही पणजीपेक्षा कमी आला.

अंधाराचं म्हणाल तर वहिनींचं बरोबर आहे. गावातल्या रस्त्यावर रात्री कुत्री असतात, मी टॉर्च घेऊन चालायचो. साडेसातनंतर बाहेर पडायचं नाही असं ठरवलं तर काही अडचण नाही. ताई, बारापैकी चार दिवस तरी दक्षिणेला ठेवा.

*

प्रति: मंडळाची यादी
प्रेषक: पणजी, मळा

बाळा, धाडस कसलं, तू बरोबर लिहिलंस. मिरामारला मी स्वतःही पाण्यात शिरत नाही, नुसती बसते. चार दिवस बाणावलीला ठेवायला माझी हरकत नाही, फक्त ते शेवटी ठेव. आधी पणजीत बसचे, पैशांचे, माणसांचे अंदाज येऊ देत. पणजी ते मडगाव कदंबची न थांबणारी गाडी आहे, तिकीट खिडकीवर काढून रांगेत बसायचं. आणि पोहायचं ते जीवरक्षक असतील तिथेच, लाल बावटा असेल तर पाय भिजवून परत.

*

प्रति: मंडळाची यादी
प्रेषक: टोरोंटोची सभासद, सध्या पणजी

मंडळी, आज इथला पाचवा दिवस. लिहीन म्हटलं होतं म्हणून लिहिते.

फोनवर सहा ठिकाणी चर्चच्या पायऱ्यांचा प्रश्न विचारला. चौघांनी ‘जवळच’ म्हटलं. एकाने चढण आहे हे आपण होऊन सांगितलं, त्याचं मला कौतुक वाटलं. सहाव्या ठिकाणच्या बाईंनी, ‘वाटेत मारुतीचं देऊळ वर दिसेल, त्याच्या खालच्या गल्लीत वळा,’ असं सांगितलं, तिथे उतरले. बावीसशे रुपये, कर धरून. खाडीकडची खोली स्वस्त देत होत्या, नाही म्हटलं. खोलीत लाकडी पलंग, उंच छत आणि एक खिडकी, तिच्यातून समोरच्यांच्या घरातला रेडिओ ऐकू येतो. मला त्याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं.

पहिल्या दिवशी मिरामारला चालत गेले, पन्नास मिनिटं लागली. येताना बस. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट धरली, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरून चहा घेतला आणि तीच फेरी धरून परत आले. पाण्यातून पणजी बघितली, आल्तिनोची टेकडी, पांढरं चर्च. आई सांगायची, लग्नानंतर ती याच बाजूने फेरीत बसून पणजीला आली होती. तेव्हा पूल नव्हता. त्या फेरीत मी दोनदा उगाच जाऊन आले.

पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दुपार काढली. १८३२ साली स्थापन झालेली संस्था, आणि आत मराठी पुस्तकांची रांगच रांग. दुपारी सगळं गाव बंद असतं तेव्हा एकट्या माणसाला बसायला याहून चांगली जागा मला सापडली नाही, हे यादीवर लिहून ठेवावं असं वाटलं.

रात्री वहिनींकडून साडेनऊला चालत परतले. त्या सोडायला येत होत्या, मी नको म्हटलं. गल्लीच्या तोंडाशी दोन आजोबा खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी कोंकणीत विचारलं, ‘पावलीं?’, म्हणजे पोचलात का. मी म्हटलं, ‘पावलें.’

उद्या पेडण्याला. म्हापशाला बस बदलायची आहे, साडेसातची धरते. बाणावलीची खोली शुक्रवारपासून मिळाली, टॉर्च घेतलाय.