बाईला 'जलवृषण' कसं म्हणायचं?

प्रश्न : एका वैद्यकीय अहवालाचं मराठी करते आहे. तिशीतल्या बाईच्या जांघेत मऊ, न दुखणारी गाठ. सोनोग्राफीत आत नुसतं पाणी. निदान 'हायड्रोसील ऑफ द कॅनाल ऑफ नक'. हायड्रोसीलसाठी 'जलवृषण' आणि 'अंडवृद्धी' एवढंच सापडतं. आता बाईला वृषण कुठून आणू?

प्रतिसाद : आणूच नका. मूळ ग्रीक शब्दात वृषण नाही. 'हायड्रो' पाण्याचा, 'सील' म्हणजे फुगवटा. दुखणं बहुतेक पुरुषांत दिसतं म्हणून वृषण मराठीत येऊन चिकटलं. सुश्रुताची 'मूत्रवृद्धी'ही वृषणकोशाचीच, तीही इथे उपयोगाची नाही. नक हे आडनाव : अँटोन नक, डच शरीररचनाशास्त्रज्ञ, वर्णन १६९१ चं. गर्भावस्थेत उदरावरणाची, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराची, एक चिंचोळी पिशवी गर्भाशयाच्या गोल बंधाबरोबर जांघेत उतरते. सहसा ती जन्माआधी किंवा वर्षभरात बुजते. बुजायची राहिली तर तिच्यात पाणी साठू शकतं. मी 'जांघेतला जलकोश' म्हणेन. 'जलपुटी' शास्त्रशुद्ध असेल, पण ती वाचणाऱ्याला पुन्हा शब्दकोशच उघडावा लागेल!

प्रश्नकर्ती : 'जन्मजात' लिहू ना? मग तीस वर्षं दिसली कशी नाही, असं वाचक विचारेल.

प्रतिसाद : जन्मजात आहे ती न बुजलेली पिशवी, पाणी पुढे कधीही साठतं. म्हणून 'जन्मजात गाठ' नको, 'जन्मतः राहिलेल्या पिशवीत साठलेलं पाणी' लिहा. आणि 'आनुवंशिक' तर मुळीच नको, त्याचा अर्थच वेगळा.

दुसरा प्रतिसाद : 'जांघ' जपून वापरा. संस्कृत 'जंघा' गुडघ्याखाली, हिंदी 'जाँघ' म्हणजे मांडी, आपली जांघ त्याहून वर. शब्द पाय चढत आलाय! हिंदी मसुदा समोर असेल तर गाठ मांडीत जाऊन बसेल. 'अवधाण'ही टाळा. पायाला जखम झाली की जांघेत येणारी ती दुखरी गाठ. घरोघरी हाच शब्द आधी सुचतो.

प्रश्नकर्ती : आणि 'अंतर्गळ', म्हणजे हर्निया? अहवालात आधी तोच संशय लिहिलाय.

प्रतिसाद : तो तसाच ठेवा. अंतर्गळात बहुधा आतडं किंवा आतली चरबी उतरते, इथे पाणी. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, कधी एकत्रही असतात. मग शस्त्रक्रियेत दोन्ही निस्तरावे लागतात. म्हणून 'अंतर्गळ नव्हता' असं स्वतःहून लिहू नका, अहवालात असेल तरच.

प्रश्नकर्ती : 'जांघेतला जलकोश' ठेवते, पहिल्या वेळी शेजारी 'हायड्रोसील'. 'कॅनाल'ला मात्र 'नलिका' लिहिताना हात अडखळतोय, ती तर पिशवीच आहे.