माजी सैनिकांचा मान आणि बदलती फौज : तुमचे अनुभव

धागाकर्ता
१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून तो पाळतात. आपल्याकडे नेमकी त्याच सुमारास संक्रांत, त्यामुळे तिळगुळापुढे तो कुणाच्या लक्षात राहत नाही. इथे बरेच फौजी आणि फौजींच्या घरचे लोक आहेत. फौजेतून आल्यावर मान कुठे मिळाला, कुठे नाही, ते लिहा. आतली रीत बदलताना काय पाहिलंत तेही लिहा. पलटणीचं ठिकाण आणि साहेबांची नावं नकोत. अग्निपथवर वेगळा धागा काढू, इथे नको.

लाइनमन_सिग्नल्स
सव्वीस जानेवारीला बोलावतात. शाल, श्रीफळ, फोटो. वाईट काहीच नाही, पण एका वर्षी पाहुण्यांना उशीर झाला तर आम्हा पेन्शनरांना उन्हात रांगेत उभं केलं. 'फौजी आहेत, राहतील उभे,' असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. राहिलो उभे.

मान मिळाला तो भलत्याच ठिकाणी. गावच्या पाणी योजनेची मोटर वरचेवर बंद पडायची. ग्रामसेवकाने सहज विचारलं, तुम्ही फौजेत नक्की काय करायचात? ऐन तरुणपणी पेन्शन घेऊन घरी आलेल्या माणसाला हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. लोकांना वाटतं, सगळे बंदूक घेऊन सीमेवर. मी केबल टाकायचो, फॉल्ट शोधायचो. टेस्टर घेऊन विहिरीपासून टाकीपर्यंत चालत गेलो. एका जॉइंटची टेप सुटून आत पाणी जात होतं. तेव्हापासून पाणी समितीच्या मीटिंगचा निरोप येतो, तोही वेळेवर.

सुभेदार_रिटायर्ड
सगळा मान स्वस्त सामान मिळणाऱ्या लष्करी कॅन्टीनच्या कार्डाला आहे हो. लग्नसराई आली की लांबचे पाहुणे 'कॅप्टनसाहेब' म्हणत फोन करतात. मी कॅप्टन नाही हे त्यांना माहीत असतं.

मॅडम_साहेब
फौजेतल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सरकारी बाजूचा एक युक्तिवाद असा होता की जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तो उडवून लावला आणि त्यांना कायम कमिशनची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीची, वाट मोकळी केली. मला विचाराल तर खेड्यातली पोरं कधी आडवी आलीच नाहीत. नवीन कंपनीत गेले तर सातारा-कोल्हापूरकडची दोघं ऑफिसबाहेर उभी. म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय. तर प्रश्न एवढाच, 'मॅडम, गणपतीची सुट्टी?'

त्रास व्हायचा तो मेसमध्ये. समोर मी बसलेली असूनही भाषण 'जेंटलमेन' म्हणूनच सुरू. वरचे साहेब बदलले की हळूहळू तेही बदललं, पण हुकमाने नाही, कुणीतरी कोपरखळी मारली म्हणून. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या. माझ्यासारख्या त्या नंतर आलेल्या पाहुण्या नाहीत. तीन वर्षं त्याच मुलांबरोबर रगडा, म्हणजे कवायतीची शिक्षा, खाल्लाय, त्यांना कोण काय शिकवणार!

रेकॉर्ड_क्लार्क
आम्ही कागदवाले, म्हणून एक कागदच सांगतो. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता वीरनारीने, म्हणजे जवानाच्या विधवेने, पुन्हा लग्न केलं की बंद व्हायचा. अपवाद एकच : दिराशी लग्न केलं तर चालू. म्हणजे बाईने कुणाच्या घरात राहावं हे नियमानेच ठरवलेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अट काढून टाकली. पेपरात आली असेल तर चार ओळींची बातमी. पण मी त्या जुन्या नियमावर बोट ठेवून उत्तरं टाइप केली आहेत. माझ्या मते परेड-बँडपेक्षा हा सन्मान मोठा.

सुभेदार_रिटायर्ड
क्लार्कसाहेब, बरोबर. पण आतला एक बदल राहिला. आमच्या वेळी रात्री झोप लागत नाही म्हणालं की शिकवणारे उस्ताद हसायचे, 'ढिला पडला.' शेवटी शेवटी सैनिक संमेलनात साहेब स्वतः विचारायला लागले, घरी सगळं ठीक का, जमिनीचं भांडण आहे का. तरी सगळ्यांसमोर हात वर करून 'मला त्रास होतोय' म्हणणारा मी पाहिला नाही. खाजगीत सांगायचे, तेही रजेचा अर्ज पुढे करून.

फौजीची_लेक
बाबा गेल्यावर आईचं फॅमिली पेन्शन अडलं ते नावावरून. बाबांच्या रेकॉर्डला ती 'सुमनबाई', आधारवर नुसती 'सुमन'. एका ऑफिसात तर 'ही तीच बाई कशावरून?' असं तिच्यासमोर विचारलं. आई गप्प. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः माजी हवालदार होते. त्यांनी आधी तिला खुर्ची दिली, मग बाबांची पलटण विचारली, मग प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगितला. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखलाही आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. भांडी घासून बोटांचे ठसे पुसलेल्या बायकांना याची किंमत विचारा.

एक अडचण आहे. बाबांचं डिस्चार्ज बुक सापडत नाही. नकलेसाठी कुठे जायचं?

रेकॉर्ड_क्लार्क
ताई, अर्ज त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, पण त्याच संघटकांमार्फत पाठवा. आर्मी नंबर आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स जोडा. पोलिसांत हरवल्याची नोंद आधी करून ठेवा, ती मागतातच.