जुनं पार्कर, निब आत लपलेली, मॉडेल कसं ओळखायचं?

निळीशाई:
मंडळी, सेकंडहँड एक फाउंटन पेन मिळालंय. काळं, टोपण स्टीलचं चकचकीत, बाणाची क्लिप, निब जवळपास सगळी झाकलेली, फक्त टोक दिसतं. टोपणावर पार्कर आहे पण नंबर कुठेच नाही. पार्करचं ५१ हे मॉडेल असावं असं मनापासून वाटतंय, खात्री कशी करू?

जुनीदौत:
टोपणावरून लगेच ठरवू नका, जुन्या पेनांना दुसऱ्याचं टोपण बसवलेलं बरेचदा असतं. मागचा बॅरल, म्हणजे हातात धरायची नळी, फिरवून काढा. ५१ आलं १९४१ ला, तेव्हा व्हॅक्युमॅटिक होतं, मागचं छोटं झाकण काढून प्लंजर दाबत शाई भरायची. १९४८ पासून एरोमेट्रिक, म्हणजे आत शाईच्या पिशवीवर (सॅक) धातूचं कव्हर आणि त्यावर दाबायची पट्टी. त्या कव्हरवर शाई भरायच्या सूचना कोरलेल्या असतात, त्यातच ५१ लिहिलेलं असतं, भिंग घेऊन बघा कारण ते पुसट होतं.

टोकदार:
हूडवर, म्हणजे निब झाकणाऱ्या पुढच्या भागावर, बाण बसवलेला असेल तर पार्कर ६१ समजा. २१ पण अगदी असंच दिसतं, ते १९४८ चं स्वस्तातलं मॉडेल, प्लास्टिक कमी दर्जाचं त्यामुळे हूडला बारीक तडे जातात. ५१ ची बॉडी ल्युसाइट या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची, तिला सहसा तडे नसतात. आणि हिरो ६१६ या तशाच दिसणाऱ्या चिनी पेनावरून पण लोक फसतात, क्लिप आणि कोरीव अक्षरं नीट बघा.

निळीशाई:
कव्हरवर ५१ दिसलं!! पट्टी पण आहे, तडा एकही नाही. पण निबचं टोक पांढरट स्टीलसारखं दिसतंय, सोन्याचं नाही वाटत. मग निब बदललीये का कोणी?

जुनीदौत:
अरे वा! बदललेलीच असेल असं नाही. ५१ स्पेशल नावाचं मॉडेल होतं, त्याला सोन्याऐवजी ऑक्टेनियम या पोलादी मिश्रधातूची निब आणि टोपण पॉलिश केलेलं. नेहमीच्या ५१ चं ल्युस्ट्रालॉय (पार्करचं स्टील) टोपण जरा मॅट असतं. तुमचं वर्णन स्पेशलशी जुळतंय, माझ्या मते तेच.
आता एक हात जोडून विनंती, हूड ओढून किंवा गरम पाण्यात बुडवून काढू नका, ते शेलॅकने, म्हणजे लाखेने, चिकटवलेलं असतं. गार पाणी भरा, पट्टी दाबून सोडा, रंग यायचा थांबेपर्यंत करत रहा, दोनतीन दिवस लागले तरी चालेल. आतली सॅक रबरची नाही, प्लिग्लास नावाच्या प्लास्टिकची आहे, ती इतक्या वर्षांनीही बहुतेक चांगलीच निघते, उगाच बदलायला जाऊ नका.

निळीशाई:
आत्ताच पाणी भरलं, गडद निळं येतंय अजून. लिहून बघितलं की सांगतो.