मदत हवी आहे: तबल्याचा हात बौरॉनवर बसेना

नमस्कार मंडळी. मी गॉलवेला असतो, आयर्लंडमध्ये. शाळेत असताना तबला शिकलो होतो, त्या भांडवलावर इथल्या हौशी मंडळींच्या सेशनला, म्हणजे आयरिश लोकसंगीताच्या बैठकीला, बौरॉन घेऊन बसायला लागलोय. बौरॉन हे इथलं चर्मवाद्य, दिसायला आपल्या डफासारखं. मागून डावा हात कातड्यावर दाबून आवाज चढवायचा-उतरवायचा, उजव्या हातात छोटी काठी. बाकी फिडल, टिन व्हिसल, अकॉर्डियन, सगळे नोकरदार.

जिग, रील, स्लिप जिग हे इथल्या नाचाच्या चालींचे प्रकार. जिगला अडचण नाही. ३+३, मनात दादरा धरून बसतो. रीलला केरवा चालून जातो. पण स्लिप जिग आली, ३+३+३, की बोंब! दोन आवर्तनांत समेवर मी एकटाच. शिवाय चाल दोन-तीनदा वाजली की न थांबता दुसरीत उडी, तीही फिडलवाल्याच्या भुवईच्या इशाऱ्यावर. परवा सवयीने तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेतली, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तबल्यावरून बौरॉनकडे कुणी वळलंय का? काठी दोन्ही टोकांनी वाजवायला मनगटाचा रियाज कसा केलात? नऊ मात्रांना तोंडात बसणारे बोल सुचवाल का? आणि दुसरा बौरॉनवाला आला तर मी गप्प बसायचं ना?