नोकरी सांभाळून वाजवणारा 'अर्धा' कलाकार असतो का?

पेटी_मिरज:

गेल्या रविवारी एका घरगुती बैठकीत साथीला होतो. कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना एक ओळखीचे तबलजी सगळ्यांसमोर म्हणाले, नोकरी करून वाजवणारे ते अर्धेच कलाकार. तिथे मी गप्प बसलो पण चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतोय.

मी ३८ वर्षांचा, राहायला मिरजेत, सांगलीत एका बँकेत कॅश काउंटरला. पहाटे पाच ते साडेसहा पेटी. रात्री जेवण झाल्यावर जमलं तर अर्धा तास, नाहीतर नाही. महिन्याला तीन-चार कार्यक्रम साथीचे. सोळा वर्षं हेच चाललंय आणि माझं ठाम मत आहे की नोकरीमुळेच माझं वाजवणं शाबूत राहिलं. मागच्या लग्नसराईत एका रिसेप्शनला चांगल्या पैशाची ऑफर होती, लोक जेवत असताना मागे तीन तास सिनेमाची गाणी वाजवायची. नाही म्हणालो. नाही म्हणता आलं कारण एक तारखेला पगार जमा होतो. पंचाहत्तर हजारांची स्केलचेंजर पेटी (जिची पट्टी गाणाऱ्याच्या सुराप्रमाणे सरकवता येते) घेतली ती पण पगारावर लोन काढूनच.

आणि हे सगळं आजचंच आहे का? जयपूर घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते, १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. दरबार म्हणजे पण पगारच ना. गायक वसंतराव देशपांडे वीसहून जास्त वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते, पार तिकडे नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) बदली झाली होती त्यांची. त्यांना कोणी अर्धे म्हणेल का? अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर, वर्षानुवर्षं नोकरी करत भावगीतं गायले.

तर माझं म्हणणं, नोकरी सोडू नका. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

तबला_पूर्णवेळ:

तुमच्या बैठकीतला तबलजी मी नाही, पण ते जे बोलले त्यातलं अर्धं मला पटतं. 'अर्धे कलाकार' हे चुकीचं आहे, कोणाला असं चारचौघांत बोलू नये. पण मागे जी चीड आहे ती खरी आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये तिच्याबद्दल एक शब्द नाही.

मला सांगा, घरगुती बैठकीला तुम्ही मानधन किती घेता? बऱ्याच नोकरीवाल्यांचं उत्तर असतं 'काही नाही हो, आनंदासाठी' किंवा 'देतील ते'. तुमच्यासाठी तो आनंद आहे, माझ्यासाठी ते दुधाचं बिल आहे. गेल्या गणपतीत एका मंडळाला मी रेट सांगितला तर म्हणाले, अहो तो अमुक इंजिनिअर येतो, नुसत्या नारळ-शालीवर वाजवतो. झालं, माझा कार्यक्रम गेला. त्या इंजिनिअरचा हात वाईट नाही, मी ऐकलाय. पण त्याने फुकट वाजवलं म्हणून त्या मंडळाच्या डोक्यात तबल्याची किंमत नारळ आणि शाल एवढीच बसली, पुढच्या वर्षी पण तेच होणार.

तुम्ही रिसेप्शनला नाही म्हणालात त्याचा मला आदर आहे. मी हो म्हणतो. लोक जेवत असतात, भांड्यांचा आवाज असतो, मी वाजवतो. त्याने माझा हात खराब होत नाही, उलट कुठल्याही गोंगाटात लय धरायची सवय लागलीय.

आणि २०२० च्या मार्चनंतर काय झालं ते आठवा. सगळे कार्यक्रम बंद. मी ऑनलाइन शिकवायला घेतलं, तेव्हा कळलं की व्हिडिओ कॉलवर लेहरा (तबल्याच्या साथीला पेटीवर फिरत राहणारी सुरावट) आणि तबला एकत्र वाजूच शकत नाही, आवाज मागेपुढे पोचतो, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा चुकते. मुलाने आधी वाजवायचं, मी ऐकायचं, मग मी वाजवायचं, असं दीड वर्ष काढलं. तेव्हा मलाही वाटलं होतं की एखादी नोकरी असती तर. तरी सोडलं नाही.

रात्रीचा_मिक्स:

माझं गाणं वेगळ्या जातीचं आहे, मी लॅपटॉपवर स्वतःच्या चाली करतो, दिवसा हिंजवडीला आयटीत. पण प्रश्न तोच म्हणून लिहितो.

मी सोडून बघितलं आहे. तीन वर्षांपूर्वी सहा महिन्यांचं सेव्हिंग बाजूला काढलं आणि राजीनामा दिला. वाटलं दिवसभर गाणीच करायची. पहिला महिना मस्त गेला, नंतर सकाळी अकराला उठायला लागलो, एकेक ड्रमचा आवाज निवडण्यात दिवस जायचा कारण घाई कसलीच नव्हती. सहा महिन्यांत दोन गाणी पूर्ण झाली. नोकरीत असताना वर्षाला पाच-सहा व्हायची, रात्री अकरा ते एक, हेडफोन लावून, बायको-मुलगी झोपल्यावर. वेळ थोडा असतो तेव्हा मी डिसिजन पटकन घेतो. स्ट्रीमिंगचे जे पैसे येतात त्यात महिन्याचा चहा पण भागत नाही, म्हणजे पैशाच्या बाजूने तर विषयच नाही.

पेटी_मिरज यांच्याशी सहमत.

तबला_पूर्णवेळ:

@रात्रीचा_मिक्स, सहा महिने म्हणजे काहीच नाही हो. हाताचा रियाज आणि लॅपटॉप यात फरक आहे. तुमचं अर्धं राहिलेलं गाणं सेव्ह होतं, उद्या तिथूनच उघडता. माझे धिरधिरचे जलद बोल चार दिवस हाताखालून गेले नाहीत तर पाचव्या दिवशी त्या लयीत निघतच नाहीत. आठ तास ऑफिस, दोन तास ट्रॅफिक, मग थकलेल्या हाताने तासभर वाजवणं म्हणजे आहे ते टिकवणं झालं, नवीन काही चढत नाही.

आणि वसंतरावांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचा. जन्म १९२०, 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ ला. म्हणजे ज्या भूमिकेने ते घराघरात पोचले ती ४७ व्या वर्षी, नोकरी सोडल्यावर. १९८३ ला ते गेले. मोकळेपणाने गायला मिळाली ती जेमतेम सतरा-अठरा वर्षं. मला तर ते उदाहरण वाचून पोटात कालवतं, तिकडे हिशेब तपासत बसलेल्या वर्षांत काय काय गायचं राहून गेलं असेल.

पेटी_मिरज:

हे वाचून जरा वेळ थांबलो. आकडे असे शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते.

पण पगार नसता तर ती मधली वर्षं गाणं टिकलं असतं का, हा पण प्रश्न आहेच. त्या वर्षांतही ते गात होतेच की, मैफली करत होते.

मानधनाबद्दल तुम्ही विचारलंत. खरं सांगतो, घरगुती बैठकीला मी घेत नाही. मला पैसे मागायला लाज वाटते. गुरुजींनी कधी फी घेतली नाही माझ्याकडून, ते मनात असतं.

जयजयवंती:

मी साताऱ्याजवळ शाळेत शिक्षिका, गाते. गाण्याच्या परीक्षांतलं विशारद झालेय, त्यापुढचं अलंकार अर्धवट राहिलंय.

सगळे दादा लोक 'नोकरी का संगीत' असं दोनच पारड्यांत मोजताय म्हणून लिहावंसं वाटलं. पहाटे पाच ते साडेसहा पेटी, त्या वेळात डबा कोण करतं? रात्री अकरा ते एक हेडफोन, मुलीला झोपवलं कोणी? मी भांडायला आलेली नाही, पण हा हिशेब मांडल्याशिवाय 'नोकरी सांभाळून जमतं' असं म्हणू नका. माझा खर्जाचा (खालच्या सुरांचा) रियाज गॅसजवळ उभं राहून होतो. एका बाजूला कुकर, तंबोऱ्याचं ॲप फ्रिजवर ठेवलेलं, षड्ज लावते आणि शिट्टी होते, शिट्टीचा सूर भलताच असतो, तो कानातून काढून परत षड्ज शोधायचा. दहा वर्षं असंच.

दुसरं म्हणजे सगळ्या नोकऱ्या सारख्या नसतात. तुमचं कॅश मोजून बोटं दुखत असतील, पण पेटी वाजते. माझी नोकरी माझं वाद्यच खाते. पाचवीच्या साठ मुलांच्या वर्गावर सहा तास बोलायचं म्हणजे संध्याकाळी गळ्यात काही उरत नाही, तार षड्जाला (वरच्या सा ला) आवाज फाटतो. मागच्या जानेवारीत तीन आठवडे आवाज बसला होता, डॉक्टर म्हणाले बोलू नका. शिक्षिकेला न बोलणं कसं जमणार? हेडसरांना सांगून एक माईक वापरायला सुरुवात केली, कमरेला लावायचा छोटा स्पीकर मिळतो तो, त्याने खूप फरक पडला. कोणी शिक्षक गाणारे असतील तर जरूर घ्या.

अश्विनी भिडे-देशपांडे यांची बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट आहे, तरी त्यांनी गाणंच निवडलं. मी कॉलेजात असताना हे वाचलं होतं आणि मनात धरून ठेवलंय. नोकरी करावी लागते ते वेगळं, पण नोकरीनेच गाणं शाबूत राहतं असं मी तरी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत खोटं ठरेल ते.

साठीनंतर:

माझं वय ६३, सतार. वीज खात्यातून रिटायर झालो. पेटी_मिरज, तुमच्याच गल्लीबोळातला माणूस म्हणून सांगतो, माझी सतार मिरजेच्या सतारमेकर गल्लीतच बनलेली, १९८४ सालची, तेव्हाचे माझे सहा पगार गेले त्यात.

मी पण तुमच्यासारखंच म्हणायचो. आधी नोकरी पक्की, मग घराचे हप्ते, मग मुलांची शिक्षणं, मग रिटायरमेंट आणि मग दिवसभर सतार. रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात सकाळी तीन तास बसायला लागलो. बाजाच्या (मुख्य) तारेवर मींड खेचताना, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाताना, डाव्या हाताच्या मधल्या बोटात अशी कळ आली की सतार मांडीवरून बाजूला ठेवली. संधिवात. आता तार पडद्यावरून आडवी खेचून वरच्या पंचमापर्यंत न्यायची ताकदच बोटात नाही. आलाप वाजतो, पण दोन स्वरांच्या मींडेवर भागवतो. ऐकणाऱ्याला चांगलं वाटतं, मला माहीत असतं तिथे काय हवं होतं.

नोकरी सोडा असं मी म्हणत नाही, माझ्यावर सहा माणसं अवलंबून होती, मला ते शक्यच नव्हतं. पण पंचेचाळीस ते अठ्ठावन्न या वर्षांत मी दोन प्रमोशनं घेतली, ती नाकारता आली असती. जिल्ह्याबाहेर बदली आणि रोज रात्री नऊला घरी. पगार वाढला तो काही हजारांनी. ती तेरा वर्षं बोटं चांगली होती. त्या प्रमोशनांबद्दल मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पेटी_मिरज:

काका, तुमची पोस्ट तीनदा वाचली. एप्रिलमध्ये माझी ऑफिसर ग्रेडची परीक्षा आहे, पास झालो तर बदली नक्की. घरात सगळ्यांनी गृहीतच धरलंय की मी देणार.

आता एक लिहितो जे पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं. डिसेंबरमध्ये दुपारी दोनला फोन आला, कोल्हापुरात एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम, त्यांचे पेटीवाले आजारी पडले, संध्याकाळी सहाला येशील का. साहेबांना विचारलं, ते म्हणाले कॅश टॅली करून जा. कॅश टॅली होईना. पाचशे रुपये कमी. परत सगळी बंडलं मोजली, व्हाउचर काढली, ड्रॉवरखाली टॉर्च मारला. साडेसहाला सापडलं, एका स्लिपवर माझ्याच हाताने तीनचे आठ झाले होते. तोवर तिकडे दुसरं कोणीतरी बसलं होतं. रात्री घरी येऊन पेटी उघडली, भाता हलवला, पण एकही पट्टी दाबली नाही.

तरी मी नोकरी सोडणार नाही. दोन लहान मुलं आहेत, आईचं औषध आहे. पण 'नोकरीमुळेच शाबूत' हे जे मी लिहिलं ते जयजयवंती ताईंचं वाचल्यावर मला तसंच्या तसं परत लिहिता येणार नाही. पहाटेच्या दीड तासात आमच्या घरी डबा बायकोच करते. दिवाळी पहाट आणि पाडवा पहाट या दोन्हीला मी सोळा वर्षांत एकदाही घरी नव्हतो, पहाटे चारला निघायचो, आणि ३१ मार्चच्या क्लोजिंगला पाडवा लागून आला की आठवडाभर घरात माझा पत्ताच नसायचा.

रात्रीचा_मिक्स:

ऑफिसर ग्रेडची परीक्षा देऊन टाका असं मला वाटतं. पास झाल्यावर बदली नाकारता येत असेल तर तेव्हा नाकारा, आत्ताच दार का लावताय? काकांच्या बाबतीत तेव्हाचा काळ वेगळा होता.

साठीनंतर:

काळ वेगळा होता, बोटं तीच होती. पास झालात की घरचे, ऑफिसचे, सासरचे सगळे पेढे वाटतात, मग नाही म्हणायची हिंमत होत नाही. मी त्यातून गेलोय. द्यायची नसेल तर आत्ताच देऊ नका.

तबला_पूर्णवेळ:

पेटी_मिरज, डिसेंबरचं वाचून वाईट वाटलं. त्या ठिकाणी मी असतो तर दोन वाजून पाच मिनिटांनी एसटीत बसलो असतो, आणि तेवढ्यासाठीच मी बाकीचं सगळं सोसतो. हे तुम्हाला बोचावं म्हणून लिहीत नाही.

परीक्षेचं तुम्ही बघा, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. माझं मागणं एकच आहे आणि त्याला नोकरी सोडावी लागत नाही. फुकट वाजवू नका. गुरुजींनी फी घेतली नाही ती तुमच्याकडून, शिष्याकडून. बैठकीचा यजमान तुमचा शिष्य नाही, तो केटरिंगवाल्याला पैसे देतो, मंडपवाल्याला देतो.

पेटी_मिरज:

हे पटलं. वाद न घालता मान्य करतो.

पुढच्या महिन्यात त्याच घरी परत बैठक आहे, आज सकाळी यजमानांचा फोन आला होता. मी सांगितलं, या वेळेपासून मानधन घेईन. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाले, किती ते कळवा. आकडा अजून सांगितलेला नाही, संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणालोय.

तबला_पूर्णवेळ:

सांगण्याआधी मला फोन करा, नंबर मेसेजमध्ये पाठवतो. त्या भागात तबल्याला मी जेवढे सांगतो तेवढेच पेटीला सांगा, एक रुपया कमी नको.