"आमच्याकडं आतड्याचा कॅन्सर होत नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर

कोरेगावची लेक:
काल इथं एकानं जगाचा नकाशा टाकला, आतड्याच्या कॅन्सरनं कुठं किती माणसं मरतात त्याचा. हंगेरी, स्लोव्हाकिया, क्रोएशिया गडद, आपला भारत फिका. खाली लिहिलंय, "बघा, भाकरी-ठेचा खाणाऱ्याला हा रोग होत नाही, सातारा-सांगलीत तर नाहीच, कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून तपासणं, हा शहरातल्या डॉक्टरांचा धंदा आहे." त्याला ढिगानं लाईक आलेत. रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझे वडील कोरेगाव तालुक्यातले. आयुष्यभर ज्वारीची भाकरी, मटण जत्रेला आणि पाहुणे आले तर. दारू नाही, तंबाखू नाही. ५८ व्या वर्षी परसाकडं जाताना रक्त पडायला लागलं. शेजारच्यांनी सांगितलं मूळव्याध. मग रोज सकाळी दुधात लिंबू पिळून ते फाटायच्या आत प्यायचं, जेवणात सुरण, मग तालुक्याच्या गावात 'मूळव्याध-भगंदर' असा बोर्ड लावलेल्या एकाकडं. त्यानं कागदाच्या पुड्या दिल्या, प्रत्येक पुडीवर बॉलपेननं १, २, ३ लिहिलेलं. आई त्या पुड्या देव्हाऱ्याजवळच्या डब्यात ठेवायची. असे नऊ महिने गेले. नऊ महिन्यांत एकानंही हातमोजा घालून बोटानं आत तपासलं नाही. शेवटी साताऱ्याला एका सर्जननी तपासलं, दोन मिनिटं लागली, बाहेर येऊन म्हणाले गाठ हाताला लागतीय. तोवर लिव्हरपर्यंत गेलं होतं. चौदा महिन्यांनी बाबा गेले.

आता आकडे. २०२० च्या जागतिक अंदाजात भारतात या कॅन्सरचे ६५ हजारांच्या आसपास नवे रुग्ण आणि ३८ हजारांच्या वर मृत्यू. म्हणजे शंभर नव्यांमागं अठ्ठावन्न-एकोणसाठ मृत्यू. त्याच वर्षी अमेरिकेचा अंदाज १ लाख ४८ हजार नवे आणि ५३ हजार मृत्यू, शंभराला छत्तीस. आपल्याकडं होतो कमी, पण ज्याला होतो तो जातो. नकाशावरचा फिका रंग तुम्हाला हे सांगत नाही.

माणदेशी:
ताई, वडलांचं वाचून वाईट वाटलं. पण तो नकाशा मीच टाकलाय आणि मी काय खोटं टाकलं नाय. तुम्हीच म्हणताय होतो कमी, मग भांडण कशाचं? बार्शीला खेड्यातली कॅन्सर नोंदणी १९८७ पासनं चालू हाय, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. २०१२ ते १६ चे आकडे बघा, पुरुषांचे सगळे कॅन्सर धरून मिझोरामच्या ऐजॉलला लाखाला २६९ आणि आपल्या उस्मानाबाद-बीडला ३९, देशात सगळ्यात कमी. हे माणदेशाच्या शेजारचंच रान, तीच ज्वारी, तोच दुष्काळ. जपानी लोकं हवाई बेटावर जाऊन राहिली तर एका पिढीत त्यांच्यात हा रोग वाढला, रक्त तेच, ताट बदललं. माझा आजा ९२ व्या वर्षापर्यंत बाजरीची भाकरी मोडून खात होता, दवाखान्याची पायरी चढला नाय. आता पोरं सकाळी पाव खाणार, दुपारी वडापाव, संध्याकाळी चायनीजचा गाडा, आन् मग आपल्यालाबी व्हणारच की.

मिरजेचा लॅबवाला:
मी वीस वर्षं मिरजेत लॅबमध्ये आहे, बायोप्सीच्या बाटल्या रोज हातातून जातात म्हणून बोलतो. आजोबा ९२ वर्षं जगले ही आनंदाची गोष्ट आहे, पण एक आजोबा म्हणजे जिल्हा नाही. दुसरं, देशात जेवढे मृत्यू नोंदले जातात त्यात डॉक्टरनं कारण लिहून दिलेले २०२० साली साडेबावीस टक्के होते. बाकीच्यांचं कारण कुणाला माहीत? गावात माणूस गेला की "पोटाचं दुखणं होतं" म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. त्यामुळं फिक्या रंगावर एवढा विश्वास ठेवू नका.

माणदेशी:
लॅबवाले साहेब, बार्शीची नोंदणी मयताच्या दाखल्यावर चालत नाय. त्यांची माणसं गावोगाव जाऊन विचारतात, कुणाला गाठ हाय, कुणाला रक्त जातंय, आन् दवाखान्यात घेऊन येतात. तरी आकडा कमीच आला. ह्याला काय म्हणणार?

मिरजेचा लॅबवाला:
बरं, बार्शीचं मान्य. तिथं मोजणी नीट आहे आणि तरी कमी आहे, मी दाखल्याचा मुद्दा तिथं लावायला नको होता. पण २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला अभ्यास वाचा, तोही घरोघर जाऊन केलेला, मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारून. त्यात कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखं निघालं. खेड्यात होतो कमी आणि मरतात मात्र तेवढेच, याचा अर्थ तुम्हीच लावा.

माणदेशी:
ते सगळ्या कॅन्सरचं हाय. तोंडाचा, गर्भाशयाचा धरून. आतड्याचं येगळं काढून दाखवा मग बोलू.

पलूसकर:
तुम्ही भाकरी आणि पाव करत बसा. खरं कारण कुणी बोलत नाही, औषधं! आमच्या भागात कृष्णेचं पाणी बघा उन्हाळ्यात, मळीचा वास, मासे मरून वर येतात, तेच पाणी पितोय. उसाला तणनाशक, द्राक्षाला तर एका हंगामात फवारण्या मोजायच्या सोडून दिल्यात. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक कॅन्सर ट्रेन म्हणतात, ते उगाच? आमच्या एका गल्लीत पाच घरांत कॅन्सर आहे. तासगावकडची द्राक्षं मी पोरांना खाऊ घालत नाही.

तासगावचा बागायतदार:
पलूसकर, जरा तोंड सांभाळून. आमची द्राक्षं युरोपात जातात, जायच्या आधी बागेतनं नमुना उचलून लॅबमध्ये रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, तपासतात, पास झाली तरच कंटेनर भरतो. २०१० साली एका वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून तिकडं माल अडकला, शेतकरी पार बुडाले, तेव्हापासनं आम्ही शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजतो. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी रोगाच्या भीतीनं रात्री दोनला उठून फवारणीचा ब्लोअर काढतो मी, पाऊस पडून गेला की झोप नाही. आणि औषध पहिलं कुणाच्या अंगावर पडतं? माझ्या. तुम्ही बाजारातनं आणून धुऊन खाता, मी त्या धुरळ्यात उभा असतो. कॅन्सर व्हायचा तर आधी मला होईल, मग माझ्याच बागेला शिव्या कशाला?

पलूसकर:
एक्स्पोर्टचं तपासतात हो, लोकलला काय? विट्याच्या बाजारात क्रेटमधनं येणाऱ्या मालाची तपासणी कोण करतं सांगा. मी तुमच्या बागेचं नाव घेतलं नाही. आणि तुम्हीच म्हणताय पहिलं तुमच्या अंगावर पडतं, तेच तर मी बोलतोय! मास्क लावता का? हातमोजे घालता का? आमचा चुलत भाऊ उघड्या अंगानं एसटीपी पंपानं औषध मारायचा, ४४ व्या वर्षी गेला.

तासगावचा बागायतदार:
मास्क लावून मार्चच्या उन्हात एकदा ब्लोअर चालवून दाखवा. बोलणं सोपं आहे. भाऊ गेले त्याचं दुःख आहे, पण त्यांना कुठला कॅन्सर होता?

पलूसकर:
रक्ताचा.

तासगावचा बागायतदार:
मग इथं आतड्याचं चाललंय ना राव!

पलूसकर:
कॅन्सर तो कॅन्सर. ज्याच्या घरातला जातो त्याला अवयव विचारू नका.

मिरजेचा लॅबवाला:
दोघं शांत व्हा. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकऱ्यांवर १९९३ पासून अभ्यास चालू आहे. त्यात एखाद-दुसऱ्या कीटकनाशकाचा मोठ्या आतड्याच्या नाहीतर गुदाशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसला, सरसकट सगळ्या औषधांचा नाही. म्हणजे पलूसकर पूर्ण चूक नाहीत आणि पूर्ण बरोबरही नाहीत. पण गल्लीतली पाच घरं मोजून रोगाचं कारण ठरत नाही, पाच घरांत पाच वेगळे कॅन्सर असतील.

साताऱ्याची सून:
माझा अनुभव वेगळा आहे, लिहू का नको असं झालं होतं. सासूबाईंना बद्धकोष्ठ, वय ७१. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात दोन वर्षांत तीनदा कोलोनोस्कोपी केली, प्रत्येक वेळी ते पोट साफ करायचं खारट पाणी दोन-दोन लिटर प्यायचं, म्हातारी रात्रभर बाथरूममध्ये, एकदा चक्कर येऊन पडली आणि मनगट मोडलं. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्यांदा का करायची हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही. त्यामुळं "धंदा" हा शब्द वाचून मला राग आला नाही, माणदेशी भाऊंचं ते म्हणणं पटलं.

कोरेगावची लेक:
ताई, सासूबाईंवर अन्याय झाला, मान्य. पण माझ्या वडिलांना एकदाही नाही आणि त्यांना तीनदा, ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. ज्याच्याकडं पैसे आणि पुणं जवळ त्याला गरज नसताना, आणि ज्याला रक्त जातंय त्याला पुड्या.

मिरजेचा लॅबवाला:
लेकीचा मुद्दा अमेरिकेतही तसाच आहे. तिथं हा मृत्यूदर १९८० च्या दशकापासून घसरत आलाय, पण सगळीकडं सारखा नाही. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात आणि ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात मागं राहिला, २०१५ च्या अभ्यासात ते पट्टे नकाशावर उठून दिसले. देश तोच, औषधं तीच. डेलावेअर नावाचं छोटं राज्य आहे, तिथं २००२ पासून विमा नसलेल्यांची तपासणी सरकारी पैशानं केली, कॅन्सर निघाला तर उपचारही, आणि दहा वर्षांच्या आत काळ्या-गोऱ्यांमधला तपासणीतला फरक मिटला, मृत्यूतला जवळजवळ मिटला. तिथल्या लोकांनी काही जेवण बदललं नव्हतं. आणि पन्नाशीच्या आतल्यांत तिथं हा रोग १९९० च्या दशकापासून वाढतोय, म्हणून २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ केलं. चॅडविक बोसमन नावाचा नट ४३ व्या वर्षी गेला, त्याला हाच होता. आपल्याकडं मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयातल्या या रोगाच्या ८०० रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं होतं.

माणदेशी:
आपल्या देशात तरणी माणसंच जास्त, मग रुग्णाचं सरासरी वय कमीच येणार. ह्यात तरण्यांना जास्त व्हतो हे सिद्ध होत नाय, साहेब.

मिरजेचा लॅबवाला:
हो, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण चाळिशीतल्याला रक्त गेलं तर "तुझं वय नाही" म्हणून परत पाठवू नये, एवढं तरी त्यातून घ्या.

वाळव्याची आशा:
मी आशा आहे, सगळं वाचलं. तीस वर्षांवरच्यांचे फॉर्म आम्ही घरोघर भरतो, तपासणी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, हे तीन. आतड्याचा त्यात नाही. पण मला दुसरंच सांगायचंय. बाया सांगतच नाहीत हो. एक काकू सहा महिने जुन्या लुगड्याचे तुकडे आत घेऊन हिंडत होत्या, डाग पडू नये म्हणून. मी बीपी घ्यायला गेले तेव्हा दोरीवर वाळत घातलेले तुकडे दिसले, पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईच्या दारात. विचारलं तर म्हणाल्या, सुनेला कसं सांगू, आणि डॉक्टर बाप्या हाय. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहून ऑपरेशन, किरणं सगळं झालं त्यांचं. आता पोटावर परसाकडची पिशवी आहे, आज चार वर्षं झाली, उसाच्या पाल्याच्या पेंढ्या बांधतात. पिशवी चिकटवायच्या आधी कातडीवर पावडर कशी लावायची हे त्या आता दुसऱ्यांना शिकवतात.

माणदेशी:
आशाताई, हे वाचून गप झालो. पण सरकारनं आता घरटी कोलोनोस्कोपी करावी असं कुणी म्हणत असंल तर माझा इरोध हाय. एवढ्या कमी रोगाला एवढा खर्च म्हंजे तोंडाच्या कॅन्सरचा पैसा तिकडं जाणार.

कोरेगावची लेक:
तसं मी म्हटलेलंच नाही, आणि इथं तुम्ही बरोबर आहात. धडधाकट माणसाला नळी घाला असं माझं म्हणणं नाही. रक्त जातंय, परसाकडची सवय बदललीय, वजन उतरतंय, अंगात रक्त कमी झालंय, त्याला पहिल्या खेपेला बोटानं तपासा आणि गरज असेल तर दुर्बीण. बोट घालायला एक हातमोजा लागतो फक्त. आता तुमच्या पोस्टमधलं "होत नाही" तेवढं काढा.

माणदेशी:
"कमी होतो" करतो. भाकरीचं वाक्य ठेवणार. आन् धंदा म्हटलेलंबी ठेवणार, सातारच्या ताईंच्या सासूसाठी.

कोरेगावची लेक:
ठेवा. पण खाली माझ्या बाबांचे नऊ महिनेही लिहा.

माणदेशी:
लिहितो.

पलूसकर:
आणि पाण्याचं कोण लिहिणार?

तासगावचा बागायतदार:
तुम्ही वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. आशाताई, एक विचारायचं होतं, आमच्या गड्याला दोन महिने झाले रक्त जातंय, वय ३९, तोपण पुड्याच खातोय. उपकेंद्रात कुणाला भेटायचं आणि काय म्हणायचं नेमकं?

वाळव्याची आशा:
उपकेंद्रात नको, ग्रामीण रुग्णालयात सर्जन कुठल्या वारी येतात ते फोन करून विचारा आणि त्या दिवशी न्या. मूळव्याध हा शब्द तुम्ही काढूच नका. म्हणा, दोन महिने रक्त जातंय, आतून तपासा. पुड्यांचे कागद बरोबर असू द्या. आणि तुम्ही स्वतः जा त्याच्यासंगं, एकटा पाठवलात तर तो चहा पिऊन माघारी येईल.