व्हिडिओ पाठवायचे उपद्व्याप: तुमचे अनुभव लिहा

रानजाई: आज माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनीडीव्ही कॅसेटी सापडल्या आणि सगळं आठवलं. 2007 ची गोष्ट. पुतणीच्या बारशाचं शूटिंग अमेरिकेतल्या दिराला दाखवायचं होतं. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला फायरवायरची केबल हवी, कॅसेट तासाची तर कॉपीलाही तास, आणि फाइल 13 जीबीच्या आसपास. ती लहान करायला घेतली की सॉफ्टवेअर विचारणार, कोडेक कोणता, बिटरेट किती? यूट्यूबवर तेव्हा 10 मिनिटांच्या वर घेत नव्हते, म्हणून पाळण्याचे तुकडे. बाळ दाखवायला एवढं शिकावं का लागावं? तुम्हीही लिहा.

वैशाली_ना: कॅसेटींना बुरशी असेल तर कॅमेऱ्यात घालू नका हं, टेप वाचणारं हेड खराब होतं.

रानजाई: बरं झालं सांगितलंत, पांढरं काहीतरी दिसतंय खरं.

अभय कोल्हापूर: आईला नातवाच्या पहिल्या पावलांची लिंक पाठवली. तिच्या फोनवर आलं, 'तुम्हाला परवानगी नाही'. तिला वाटलं सुनेनेच बंद केलंय. दोन दिवस बोलली नाही कुणाशी. असली भाषा कोण लिहितं? राग येतो अजून.

सईची आई: अरेरे, काकूंना किती लागलं असेल. शेअरमध्ये 'लिंक असलेले कोणीही' निवडा, मग लॉगिनही मागत नाही.

वैशाली_ना: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा टाकला की चेहरे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 2022 पासून 2 जीबीपर्यंत जातं, क्लॅरिटी तशीच राहते.

मेलबर्नकर: +1. आयफोनवाल्यांनो, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कंपॅटिबल'. नाहीतर एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमध्ये शूट होतं आणि बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसता आवाज. तिकडे व्हीएलसी प्लेअर टाकून दिला तेव्हा दिसलं.

अभय कोल्हापूर: बाबा कुठे असतात? आमच्याकडचे का?

मेलबर्नकर: इचलकरंजी!

अभय कोल्हापूर: मग शेजारीच की. पुढच्या वेळी कॉम्प्युटरचं काही अडलं तर सांगा, जाऊन येईन.

सईची आई: आमच्या शाळेने गॅदरिंगचा व्हिडिओ वेगळ्या अ‍ॅपवर ठेवलाय. ओटीपी फक्त वडिलांच्या नंबरवर. ते बोटीवर, सहा महिने रेंजचा भरवसा नाही. लेकीची लावणी मला बघता येत नाहीये. उद्या हेडबाईंना भेटणार आहे, पेनड्राइव्ह घेऊनच. कुकर लावलाय, नंतर येते.

मेलबर्नकर: नंबर बदलायचा अर्जही सोबत न्या, आईचा नंबर असायलाच हवा.